एचटीटीपीएसवर वेब ॲप रेंगाळतं तेव्हा: वेळ नेमका कुठे जातो ते कसं शोधायचं

‘एचटीटीपीएस लावल्यापासून ॲप हळू झालं’ अशी तक्रार आली की पहिला संशय एन्क्रिप्शनवर जातो. खरं तर डेटा एन्क्रिप्ट करणं हे या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत स्वस्त काम आहे. इंटेलने २०१० मध्ये वेस्टमियर प्रोसेसरांपासून एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठीच्या सूचना थेट हार्डवेअरमध्ये दिल्या, आणि आजचा एकच कोअर एईएस-जीसीएमने सेकंदाला गिगाबाइटांच्या घरात डेटा एन्क्रिप्ट करतो. महाग पडतात त्या फेऱ्या. ब्राउझरने काही पाठवायचं आणि सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, ही झाली एक फेरी. अंतर वाढलं की फेरी लांबते, आणि सर्व्हरमध्ये कितीही रॅम घातली तरी ती आखूड होत नाही. म्हणून आधी फेऱ्या मोजायच्या, मिलिसेकंद नंतर.

कागदावरचा हिशेब

नवीन कनेक्शनवर टीसीपी (डेटा पोचवणारा मूळ प्रोटोकॉल) जोडणीला एक फेरी लागते. त्यानंतर टीएलएसचा (एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन सांभाळणारा प्रोटोकॉल) हँडशेक होतो, म्हणजे सर्व्हरची ओळख पटते आणि किल्ल्या ठरतात. टीएलएस १.२ चा पूर्ण हँडशेक दोन फेऱ्या घेतो, तर ऑगस्ट २०१८ मध्ये आलेलं टीएलएस १.३ एकच. मग रिक्वेस्ट आणि तिच्या उत्तराची पहिली बाइट, आणखी एक. फेरी ८० मिलिसेकंदांची असेल तर टीएलएस १.२ वर पहिली बाइट लवकरात लवकर ३२० मिलिसेकंदांनी हाती पडते, १.३ वर २४० नी. एचटीटीपी/३ मध्ये क्विक हा प्रोटोकॉल जोडणी आणि हँडशेक एकाच फेरीत उरकतो, म्हणजे १६०. डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा, वेळ या सगळ्यात धरलेला नाही.

हा आकडा आधी लिहून ठेवावा. प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या जवळपास आलं तर सर्व्हर निर्दोष आहे. वापरणाऱ्याच्या जवळ सर्व्हर किंवा सीडीएन (ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांचं जाळं) नेणं हाच उपाय. मोजमाप हिशेबापेक्षा बरंच जास्त आलं तरच पुढची शोधाशोध करण्यात अर्थ आहे. ही पायरी गाळून लोक थेट सायफरची (एन्क्रिप्शन पद्धतींची) यादी बदलायला बसतात, आणि दोन दिवसांनी तिथेच असतात.

फेरीची लांबी पिंगने मोजता येते, पण बऱ्याच ठिकाणी पिंग अडवलेलं असतं किंवा त्याला वेगळी वागणूक मिळते. टीसीपी जोडणीला लागलेला वेळ हे जास्त भरवशाचं माप. मध्ये सीडीएन किंवा लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणारा) असेल तर ही फेरी तिथपर्यंतचीच असते, मूळ सर्व्हरपर्यंतची नाही, हे ध्यानात ठेवायचं.

कर्लने वेळेचे तुकडे पाडणं

ब्राउझर कॅश, एक्स्टेन्शन, आधीपासून उघडी कनेक्शनं असं बरंच काही मध्ये आणतो. म्हणून पहिलं मोजमाप कर्लने, म्हणजे आदेश देऊन वेब रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने, घ्यावं. त्याच्या ‘डब्ल्यू’ पर्यायात टाइम_नेमलुकअप, टाइम_कनेक्ट, टाइम_ॲपकनेक्ट, टाइम_प्रीट्रान्सफर, टाइम_स्टार्टट्रान्सफर आणि टाइम_टोटल ही सहा नावं छापायला सांगा. ती अनुक्रमे पत्ता सापडणं, टीसीपी जोडणी, हँडशेक, रिक्वेस्टची तयारी, उत्तराची पहिली बाइट आणि शेवट हे क्षण दाखवतात. सगळे आकडे सुरुवातीपासूनचे, म्हणजे एकात एक मिळवत गेलेले असतात. प्रत्येक टप्प्याचा वेळ हवा तर आधीचा आकडा वजा करायचा. ही वजाबाकी न करताच ‘हँडशेकला २६० मिलिसेकंद’ असे अहवाल लिहिले जातात.

समजा, आकडे असे आले: नेमलुकअप ०.०१२, कनेक्ट ०.०९३, ॲपकनेक्ट ०.२६२, प्रीट्रान्सफर ०.२६२, स्टार्टट्रान्सफर ०.७४१, टोटल ०.७५६. कनेक्टमधून नेमलुकअप वजा केलं की ८१ मिलिसेकंद उरतात. ही आपली फेरी. ॲपकनेक्ट वजा कनेक्ट म्हणजे १६९, अगदी दोन फेऱ्या आणि वर थोडंसं गणित. म्हणजे एकतर टीएलएस १.२ चालू आहे, किंवा १.३ असूनही कशाने तरी एक जादा फेरी घेतली आहे. इथे ८० मिलिसेकंद वाचवता येतील. पण स्टार्टट्रान्सफर वजा प्रीट्रान्सफर पाहा: ४७९. त्यातली एक फेरी रस्त्याची, ती काढली तर जवळपास ३९८ मिलिसेकंद सर्व्हर विचार करत बसला होता. हँडशेक कितीही चाटूनपुसून स्वच्छ केला तरी मोठा चोर ॲपमध्येच आहे.

एका मोजणीवर विसंबू नका. किमान वीस वेळा चालवा आणि सरासरीऐवजी मधला आकडा व सर्वांत वाईट दोन-तीन आकडे पाहा. सरासरीत एखादा पाच सेकंदांचा झटका इतरांमध्ये विरून जातो, आणि तक्रार नेमकी त्या झटक्याचीच असते.

कर्ल दर वेळी नवीन कनेक्शन उघडतं, पण एकाच आदेशात तोच पत्ता दोनदा दिला तर दुसरी रिक्वेस्ट जुन्या कनेक्शनवरून जाते. नम_कनेक्ट्स हे नाव छापून घ्या. दुसऱ्या वेळी ते ० यायला हवं. १ आलं तर सर्व्हर दर उत्तरानंतर कनेक्शन बंद करतोय, आणि प्रत्येक क्लिकला पूर्ण हँडशेकची किंमत मोजली जातेय. (दोन पत्ते दिले की आउटपुटचा ‘ओ’ पर्यायही दोनदा द्यावा लागतो, नाहीतर दुसरं पान स्क्रीनभर सांडतं.) मोजताना रीडायरेक्टच्या मागे जाऊ नका, प्रत्येक पत्ता वेगळा मोजा. साध्या एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर अशा दोन उड्या असतील तर तीन कनेक्शनं झाली, आणि त्यातली दोन फुकट गेली.

ब्राउझरच्या नेटवर्क पॅनलमध्ये हेच तुकडे पट्ट्यांच्या रूपात दिसतात. क्रोममध्ये ‘एसएसएल’ची पट्टी ‘इनिशियल कनेक्शन’च्या आतच धरलेली असते, दोन्हींची बेरीज करायची नाही.

गोल आकडे बोलतात

खरं काम ३९८ किंवा २१७ अशा वेड्यावाकड्या आकड्यांत दिसतं. उशीर दर वेळी एकाच ठरावीक आकड्यावर येऊन थांबत असेल, तर कुठला तरी टायमर संपण्याची वाट पाहिली जातेय. बरोबर ४० मिलिसेकंद जादा लागत असतील तर लिनक्सची उशिराने पोच देण्याची सवय आणि पाठवणाऱ्याचा नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणारा) एकमेकांत अडकलेत. टीसीपी_नोडिले चालू केलं की सुटतं. २०० मिलिसेकंद हा लिनक्समध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याआधीचा किमान थांबा. २५० च्या आसपास थांबून मग सगळं सुरळीत झालं, तर आयपीव्ही६ चा रस्ता तुटलेला आहे आणि ब्राउझर तेवढी वाट पाहून आयपीव्ही४ कडे वळतोय. कनेक्टमध्येच एक किंवा तीन सेकंद गेले तर जोडणीचं पहिलं पॅकेट हरवतंय: फायरवॉल, किंवा सर्व्हरची भरलेली रांग. नेमलुकअपमध्ये पाच सेकंद म्हणजे पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला आहे, कारण जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पुढच्या सर्व्हरला विचारण्याआधी मुळात पाच सेकंद थांबते.

यातलं काहीही टीएलएसच्या सेटिंगने बरं होत नाही. पण तक्रार मात्र ‘एचटीटीपीएस स्लो आहे’ अशीच येते.

हँडशेक जड असेल तर

आता ओपनएसएसएलचं एस_क्लायंट हे साधन काढायचं. कनेक्टला पत्ता आणि ४४३ पोर्ट द्या, सर्व्हरनेमला तेच नाव द्या (ते विसरलात तर जुन्या आवृत्तीत सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट देऊ शकतो), आणि शोसर्ट्‌स लावा. आउटपुटमध्ये प्रोटोकॉलची आवृत्ती, सायफर आणि सर्टिफिकेटांची साखळी दिसेल. हँडशेकमध्ये एकूण किती बाइट वाचल्या गेल्या तेही शेवटाकडे छापलेलं असतं.

त्या बाइटांना महत्त्व आहे. टीसीपी सुरुवातीला साधारण दहा सेगमेंट (एकेका पॅकेटमधले डेटाचे तुकडे), म्हणजे १,४६० च्या हिशेबाने सुमारे १४,६०० बाइट पाठवून पोच येण्याची वाट पाहतं. साइटचं सर्टिफिकेट आणि एक इंटरमीडिएट (साइटच्या सर्टिफिकेटची हमी देणारं मधलं सर्टिफिकेट) मिळून ही साखळी सहज तीन-चार किलोबाइटांत बसते. पण कुणीतरी ‘असू दे’ म्हणून रूट (साखळीच्या मुळाशी असलेलं सर्टिफिकेट), जुनी इंटरमीडिएट आणि क्रॉस-साइन केलेली सगळीच एका फाइलमध्ये कोंबलेली असतात, किंवा एकाच सर्टिफिकेटवर शंभर डोमेन चढवलेले असतात. साखळी त्या मर्यादेपलीकडे गेली की एक जादा फेरी लागते. रूट पाठवायची गरजच नसते. ते क्लायंटकडे आधीपासून असतं. उलट चूकही होते: इंटरमीडिएट लावलेलंच नसतं. तेव्हा कर्ल सरळ नकार देतं, पण काही ब्राउझर सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावर जाऊन ते स्वतः आणतात. डेस्कटॉपवर ‘चालतंय की’ म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि पहिली भेट मात्र दर वेळी जड जाते.

टीएलएस १.३ असूनही हँडशेकला दोन फेऱ्या लागत असतील तर हेलो-रिट्राय शोधा. १.३ मध्ये क्लायंट अंदाजाने एका गटाची (की ठरवण्याच्या गणिताच्या प्रकाराची) आपली की आधीच पाठवतो. सर्व्हरने तो गटच बंद ठेवला असेल, उदाहरणार्थ सुरक्षेच्या नावाखाली फक्त पी-३८४ चालू ठेवला असेल, तर सर्व्हर ‘दुसरी की पाठव’ म्हणतो आणि वाचवलेली फेरी पुन्हा खर्च होते. एक्स२५५१९ हा गट चालू ठेवणं एवढंच करायचं असतं.

सर्व्हर मोकळा असताना हँडशेक झटपट आणि गर्दीत संथ, असं दिसलं तर प्रोसेसरकडे पाहा. ओपनएसएसएलच्या स्पीड आदेशाने आरएसए २०४८, आरएसए ४०९६ आणि ईसीडीएसए पी-२५६ या सर्टिफिकेटच्या किल्ल्यांनी सेकंदाला किती सह्या (हँडशेकमध्ये सर्व्हर ओळख पटवायला करतो त्या) होतात ते त्याच मशिनवर मोजा. ‘साइन’च्या रकान्यात आरएसए ४०९६ हे २०४८ पेक्षा कित्येक पटींनी मागे आणि पी-२५६ दोघांच्या खूप पुढे दिसेल. इथे ४०९६ चा हट्ट धरणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा ती दोन ओळींची तुलना त्यांच्यापुढे ठेवावी.

सेशन पुन्हा वापरलं जातंय का (म्हणजे आधीच्या हँडशेकच्या आधारे पुढचा हलका होतोय का), हे तपासताना एक फसगत होते. एस_क्लायंटचा रीकनेक्ट पर्याय टीएलएस १.२ च्या काळातला आहे. १.३ मध्ये तिकीट (सेशन पुन्हा वापरण्यासाठी सर्व्हरने दिलेली खूण) हँडशेक संपल्यावर येतं, त्यामुळे ते हाती लागण्याआधीच कनेक्शन तुटतं आणि ‘रिझम्प्शन बंद आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सेस_आउटने सेशन फाइलमध्ये उतरवा, एखादी रिक्वेस्ट पाठवून उत्तर येऊ द्या, मग सेस_इनने तीच फाइल परत द्या आणि ‘रीयूज्ड’ हा शब्द दिसतो का पाहा. दहापैकी पाच वेळाच दिसला तर लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाची तिकिटाची की वेगळी आहे, हे जवळपास नक्की. दोघांना एकच की द्यायची आणि ती नियमितपणे बदलायची. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एसएसएल_सेशन_कॅशचं शेअर्ड रूप वेगळं चालू करावं लागतं. त्याच्या एका मेगाबाइटमध्ये सुमारे ४,००० सेशन मावतात. टीएलएस १.३ मध्ये सेशन पुन्हा वापरल्याने फेरी वाचत नाही, सर्टिफिकेट आणि सही वाचते. फेरी वाचवायची तर शून्य-फेरीचा अर्ली डेटा आहे, पण तो डेटा कुणी पकडून पुन्हा पाठवू शकतं. पैसे वळते करणाऱ्या किंवा नोंद बदलणाऱ्या रिक्वेस्टसाठी तो वापरायचा नाही.

सर्टिफिकेट रद्द झालंय का, ही तपासणी ब्राउझरपेक्षा सर्व्हर-टू-सर्व्हर कॉलमध्ये जास्त त्रास देते. विंडोजवरची सेवा रद्द-यादी आणायला बाहेर जाते, बाहेरचा रस्ता फायरवॉलने बंद असतो, आणि पहिला कॉल कित्येक सेकंद लटकतो. नंतरचे कॉल कॅशमुळे ठीक चालतात. सेवा सुरू झाल्यावर फक्त पहिलाच कॉल संथ असेल तर संशय इथे घ्यावा.

हँडशेक अर्ध्यावर लटकतो तेव्हा

हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची लक्षणं चकवतात. व्हीपीएनवरून टीसीपी जोडणी चटकन होते, क्लायंट-हेलो (हँडशेकचा पहिला निरोप) जातो, आणि मग शांतता. त्याच मशिनवरून साधं एचटीटीपीचं छोटं पान मात्र उघडतं. टीसीपीडंपने पॅकेटं पकडून वायरशार्क या पॅकेटं वाचणाऱ्या साधनात उघडलं की दिसतं: सर्व्हरने क्लायंट-हेलोची पोच दिली, पण सर्टिफिकेट असलेली पूर्ण आकाराची पॅकेटं क्लायंटपर्यंत पोचलीच नाहीत. सर्व्हरच्या बाजूला तीच पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवल्याच्या नोंदी असतात. व्हीपीएनच्या बोगद्याच्या जादा शीर्षामुळे मध्ये कुठेतरी १,५०० बाइट मावत नाहीत, आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप फायरवॉलने गिळलेला असतो.

खात्री करायला लिनक्सवर पिंगला ‘तुकडे करू नको’ असा पर्याय (‘एम’ला ‘डू’) आणि १,४७२ चा आकार द्या. त्यात २८ बाइटांचं शीर्ष मिळवून १,५०० होतात. ते गेलं नाही तर १,४००, १,३५० असं उतरत जा. जाणाऱ्या सर्वांत मोठ्या आकारात २८ मिळवले की खरा एमटीयू (रस्त्यात मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) कळतो. उपाय म्हणजे बोगद्याच्या टोकाला एमएसएस क्लॅम्पिंग (जोडणीवेळीच सेगमेंटचा आकार कमी ठरवणं) लावणं, किंवा तो आयसीएमपी निरोप जाऊ देणं. सगळं आयसीएमपी बंद करणं ही सुरक्षेची शिस्त समजली जाते. एमटीयूच्या बाबतीत ती पायावर धोंडा आहे.

उलट दिशेलाही हे होऊ लागलंय. क्वांटम संगणकांपासून बचाव करणाऱ्या एमएल-केईएम-७६८ ची सार्वजनिक की १,१८४ बाइटांची असते. ती घातली की क्लायंट-हेलो एका पॅकेटमध्ये मावत नाही. क्लायंट-हेलो एकाच पॅकेटमध्ये येईल असं गृहीत धरून लिहिलेली जुनी मधली उपकरणं तिथे अडखळतात. नव्या ब्राउझरला त्रास आणि जुन्या कर्लला नाही, असं दिसलं तर मधल्या उपकरणाचं फर्मवेअर पाहा.

टीएलएस १.३ मध्ये सर्टिफिकेटही एन्क्रिप्ट होऊन येतं, म्हणून वायरशार्कला आत डोकवायचं असेल तर ब्राउझर एसएसएलकीलॉगफाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून सुरू करा आणि ती फाइल वायरशार्कला द्या. हे फक्त चाचणीच्या मशिनवर. त्या फाइलमध्ये सगळ्या संभाषणाच्या किल्ल्या असतात. काम झालं की ती पुसायची.

सर्व्हरचा लॉग काय सांगत नाही

एनजिनएक्सचा रिक्वेस्ट_टाइम रिक्वेस्टच्या पहिल्या बाइटा वाचल्यापासून मोजायला लागतो. हँडशेक त्याआधीच झालेला असतो, त्यामुळे तो त्यात येतच नाही. म्हणून लॉग ‘९० मिलिसेकंद’ म्हणतो, वापरणारा ‘एक सेकंद’ म्हणतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. लॉगच्या रचनेत एसएसएल_प्रोटोकॉल, एसएसएल_सेशन_रीयूज्ड (पुन्हा वापरलं तर ‘आर’, नाहीतर टिंब), कनेक्शन_रिक्वेस्ट्स, अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम एवढी पाच नावं वाढवा. बहुतेक ओळींत कनेक्शन_रिक्वेस्ट्स १ असेल तर कीप-अलाइव्ह (कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवणं) कामच करत नाहीये.

अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइमकडे नीट पाहा. मागच्या (अपस्ट्रीम) सर्व्हरशीही टीएलएस असेल तर त्या हँडशेकचा वेळ याच आकड्यात येतो.

मागच्या खोलीतले हँडशेक

आणि इथेच सर्वांत जास्त वेळ सापडतो. समोरच्या दाराचा हँडशेक ब्राउझर एकदा करतो आणि पुढे तेच कनेक्शन वापरतो. मागे मात्र ॲप एका पानासाठी पेमेंट सेवा, शोध सेवा, लॉगिन सेवा अशा चार ठिकाणी जातं आणि प्रत्येक वेळी नवीन कनेक्शन उघडतं. मागची फेरी २० मिलिसेकंदांची धरली तर टीएलएस १.३ वरही प्रत्येक कॉलचे ४० मिलिसेकंद नुसत्या जोडणीत गेले. चार कॉल एकामागोमाग असतील तर १६०. वर सह्या तपासण्याचं काम वेगळंच.

पायथनमध्ये रिक्वेस्ट्‌सचं थेट गेट फंक्शन दर वेळी नवीन कनेक्शन करतं. सेशन ऑब्जेक्ट एकदाच बनवून तोच सगळीकडे वापरायला हवा. पीएचपीमध्ये कर्लचं हँडल प्रत्येक कॉलनंतर बंद करू नका. डॉटनेटमध्ये एचटीटीपीक्लायंट दर रिक्वेस्टला नवा बनवू नका. डेटाबेसशी टीएलएस चालू असेल तर पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) हवाच: पोस्टग्रेसमध्ये टीसीपीनंतर आधी ‘टीएलएस चालेल का’ असं विचारण्यात एक फेरी जाते, मग हँडशेक, मग ओळख पटवणं. म्हणजे पहिल्या क्वेरीआधीच बऱ्याच फेऱ्या.

एनजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी (ॲपच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट मागे देणारा) असेल तर अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह, प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ आणि रिकामा कनेक्शन हेडर या तीन गोष्टी तपासा. बराच काळ एनजिनएक्स मागे मुळात १.० वापरत आलंय, आणि तिन्हींपैकी एक जरी राहिली तरी बाकीच्या दोन वाया जातात.

पडताळणी सोपी आहे. ॲप सर्व्हरवर भार असताना एसएस आदेशाने टाइम-वेट (नुकतीच बंद झालेली) अवस्थेतली, बाहेरच्या ४४३ पोर्टकडे गेलेली कनेक्शनं मोजा. हजारोंनी असतील तर पूल नाही, किंवा आहे पण वापरला जात नाही. एसएसचा ‘टीआय’ पर्याय चालू कनेक्शनांची फेरी, विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) आणि पुन्हा पाठवलेली पॅकेटं दाखवतो.

उरलेलं किरकोळ

एएलपीएन (हँडशेकमध्येच एचटीटीपीची आवृत्ती ठरवण्याची सोय) नीट नसेल तर ब्राउझर एचटीटीपी/१.१ वर घसरतो आणि एका होस्टला सहाच कनेक्शनं उघडतो. कर्लच्या ‘व्ही’ आउटपुटमध्ये ते लगेच दिसतं. फाँट आणि स्क्रिप्ट वेगवेगळ्या डोमेनवरून आणल्या की प्रत्येकाचा हँडशेक वेगळा. एकाच डोमेनवर आणता येतील तेवढ्या आणाव्यात. टीएलएसचा एक रेकॉर्ड १६ किलोबाइटांपर्यंतचा असतो आणि पूर्ण आल्याशिवाय उघडत नाही, म्हणून एनजिनएक्सचा एसएसएल_बफर_साइज ४ किलोबाइट केल्याने खराब नेटवर्कवर पहिला मजकूर थोडा लवकर दिसतो. कनेक्शन थोडा वेळ निष्क्रिय राहिलं की लिनक्स त्याची विंडो पुन्हा लहान करतं. सिसकंट्रोलमधलं टीसीपी_स्लो_स्टार्ट_आफ्टर_आयडल ० केलं की ते थांबतं.

दुरुस्ती लागू पडली का

सर्व्हरशेजारच्या मशिनवरून मोजाल तर फेरी एक मिलिसेकंदाची, आणि सगळं झकासच दिसेल. चाचणीच्या मशिनवर टीसी आदेशाने नेटेमचा १०० मिलिसेकंदांचा विलंब लावा आणि मग कर्लची वीस-वीस मोजमापं बदलाआधी व बदलानंतर घ्या. एका वेळी एकच बदल. फेरी १०० ची असल्यामुळे वाचलेली प्रत्येक फेरी आकड्यात ढळढळीत दिसते: ॲपकनेक्ट वजा कनेक्ट २०० वरून १०० वर आलं पाहिजे, १७० वर येऊन थांबलं तर ते फेरीचं नाही, प्रोसेसरचं किंवा मोजणीतल्या गोंधळाचं काम आहे. मोजून झालं की नेटेमचा नियम त्याच आदेशाच्या डिलीटने काढून टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याच मशिनवरून ‘एचटीटीपीएस स्लो आहे’ अशी नवी तक्रार येईल.